ड्रॉइंग हॉलमधला पाट

दादाचा फोन आला तेव्हा मी सोनागिरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होते. "मंदा, वहिनी गेली गं... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. दादाचं घर दोन गल्ल्या सोडून, पण त्या सकाळी ते अंतर सरता सरेना. आणि एक गंमत सांगते, गंमतच म्हणायची... फोन ठेवल्यावर रडू यायच्या आधी माझी हनुवटी आपोआप आत गेली, खांदे मागे गेले, मान सरळ झाली. ज्या बाईने ही सवय अंगात मुरवली तीच गेली होती, आणि सवय मात्र हजर होती. आता दोनेक आठवडे उलटलेत. शैलावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको, हिंदी मुलखातल्या आमच्या टाउनशिपच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. तिच्यावर लिहायचं तर रडगाणं लिहून चालणार नाही, ते तिला मुळीच खपलं नसतं.

ती नागपूरहून लग्न होऊन आमच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिच्या सामानात सहा सागवानी पाट होते, कडेला पितळी फुल्या ठोकलेले. तिच्या वडिलांनी हौसेने करून दिलेले. सणासुदीला ते मांडले की आईचा चेहरा खुलायचा. सुनेच्या नोकरीबद्दल मात्र आई साशंक होती. ही दिवसभर लोकांच्या मानगुटी धरते, असं ती शेजारणींना सांगायची. तिची काही चूक नव्हती. फिजिओथेरपी हा शब्दच तेव्हा टाउनशिपमध्ये कोणाच्या तोंडी बसला नव्हता, लोक वहिनीला सरळ 'मालिशवाली मैडम' म्हणायचे. वहिनी चिडायची नाही. "मालिश घर पे करवा लो भैया, यहाँ मेहनत करनी पड़ेगी," असं म्हणून पेशंटला कामाला लावायची.

त्या काळी आमच्याकडे मानेच्या पट्ट्याची साथच होती. मान दुखली की पट्टा, आणि पट्टा दिसला की कारखान्यात हलकं काम, म्हणजे लाईट ड्यूटी. त्यामुळे एकदा गळ्यात पडलेला पट्टा कोणी काढेना. शेजारचे तिवारीजी तर पट्टा लावूनच स्कूटर चालवत आणि पट्टा लावूनच लग्नाच्या पंगतीला बसत. वहिनीने तो त्यांच्या गळ्यातून हळूहळू उतरवला. पट्ट्याच्या आधाराने मानेचे स्नायू आळशी होतात, तुमचं डोकं तुमच्याच मानेला पेलता आलं पाहिजे, हे ती त्यांना रोज ऐकवायची. तिवारीजी तिच्यावर इतके रागावले की बरेच दिवस आमच्या दारावरून मान फिरवून जायचे. वहिनी म्हणायची, "बघा, आता फिरते तरी!"

मग माझी पाळी आली. मी कारखान्याच्या ड्रॉइंग हॉलमध्ये ट्रेसर होते, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज गिरवणारी. मला ड्राफ्ट्समन व्हायचं होतं, स्वतः रेष ओढायची होती. त्यासाठी खात्याची परीक्षा होती, दिवसभर बोर्डापाशी उभं राहून एक पूर्ण ड्रॉइंग काढायचं. त्यात नापास झाले तर माझी रवानगी रेकॉर्ड रूममध्ये होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या ड्रॉइंग्जचं गोदाम, तिथे पेन्सिलीला कोणी विचारत नाही. आणि नेमकं त्याच सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. उजव्या बाजूला मानेच्या वरच्या टोकापासून निघायचं, कवटीवरून चढायचं आणि डोळ्यामागे येऊन ठाण मांडायचं. दुपारपर्यंत समोरच्या रेषेकडे बघवत नसे. जवाहर चौकातल्या चष्मेवाल्याने काच बदलून पाहिली, आईने तेल जिरवून पाहिलं, कोणी मायग्रेन म्हणालं, कोणी जागरणं कमी कर म्हणालं. वहिनीला मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, ती हाडांची आणि सांध्यांची, डोक्याशी तिचा काय संबंध!

एका रविवारी तिनेच मला पलंगावर उताणं झोपवलं. माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरून सावकाश एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या. उजवीकडे ते निम्म्यातच अडलं. मग कवटीच्या खाली, मान सुरू होते तिथे, तिने बोट टेकवलं आणि हलकेच दाबलं. मी ओरडले, "डोळ्यामागे दुखलं!"

"माझं बोट कुठे आहे?"

"मानेवर."

"मग? दुखणं मानेत राहून राहिलं बापा, आणि ओरडते डोळ्यामागून. वरच्या सांध्यांच्या नसा आणि डोक्याच्या नसा आत एकाच ठिकाणी भेटतात, म्हणून डोक्याला पत्ताच कळत नाही."

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की काय सांगू... दुखण्याला घर सापडलं होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती ते अडलेले सांधे अलगद मोकळे करायची. आणि व्यायाम कसला, तर उताणं पडून हनुवटी किंचित आत घेत मान हलवायची. "हो म्हण, पण कोणाला कळू नको देऊ," असं ती सांगायची. एवढंसं हलायचं की बघणाऱ्याला वाटावं ही नुसती पडली आहे. जोर केला की गळ्याशी ठेवलेली तिची बोटं लगेच ओळखायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी तिला म्हटलंही, "वहिनी, याला व्यायाम म्हणतात तर मी बालपणापासून पैलवान आहे." पण मान खरंच सुटत गेली. सुट्टीच्या दिवशी डोकं दुखेनासं झालं. बोर्डापाशी एक अख्खा दिवस काढला की मात्र सगळं परत हजर. परीक्षा तोंडावर आली आणि मी एका संध्याकाळी रडकुंडीला येऊन म्हणाले, "राहू दे वहिनी. मीच रेकॉर्ड रूमसाठी अर्ज देते."

"अर्ज कायचा? तू उभी कशी राहतेस ते मी अजून पाहिलंच कुठे?"

तिने आमच्या साहेबांकडून परवानगी काढली आणि ड्रॉइंग हॉलमध्ये येऊन एका स्टुलावर बसली. सगळा हॉल अवघडला. ती माझ्याकडे बघत होती. आमचे बोर्ड उंच पुरुषांच्या मापाचे, आणि मी ही अशी ठेंगणी. ड्रॉइंगच्या वरच्या भागात रेष ओढताना मी हनुवटी पुढे काढून वर करायची, कवटीचा मागचा भाग मानेत रुतायचा. दिवसभर तेच, हजारदा. मला ते कधी जाणवलंच नव्हतं. वहिनी उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर माझ्याबरोबर उभी राहिली, काखेत माहेरचा एक पाट घेऊन.

गार्डने विचारलं, "मैडम, आज पूजा है क्या अंदर?"

"पूजा नहीं, काम है। इस पर खड़ी होकर करेगी।"

"ले जाओ। पर सुन लो, बिना गेट पास के बाहर नहीं आएगा।"

मी पाटावर उभी राहिले आणि बोर्ड माझ्या डोळ्यांसमोर आला. बस, एवढंच हवं होतं. परीक्षेला मी त्याच पाटावर उभी होते, दर थोड्या वेळाने कोणाला कळू न देता 'हो' म्हणत. संध्याकाळी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा डोकं शांत होतं. मी पास झाले, पुढे कित्येक मोठ्या यंत्रांच्या ड्रॉइंग्जवर माझी सही उमटली. त्या सहीचा मला अभिमान आहे, आणि वहिनीचा त्याहून जास्त.

पाट मात्र आत अडकला. तो बाहेर काढायचा तर तो आत आल्याचा कागद हवा, आणि पाट आत आल्याचा कागद करायचं कोणाला सुचणार? घरी पाच पाट उरले. दिवाळीला, गणपतीला पंगत बसली की वहिनी सतरंजीची घडी घालून तिच्यावर बसायची. मी माझा पाट पुढे केला की म्हणायची, "तू बस गं. माझा पाट ड्यूटीवर आहे." पुढे बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले, पाट माझ्या टेबलावर चढला आणि स्क्रीन त्याच्यावर. मी निवृत्त झाले तेव्हा रीतसर गेट पास घेऊन त्याला बाहेर आणलं आणि वहिनीसमोर ठेवला. सागवानावर माझ्या दोन पावलांचे फिकट ठसे पडले होते. तिने त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझा ओटा उंच आहे ना? तिथे ठेव." घेतला नाहीच.

परवा तिच्या गोडाच्या जेवणाच्या दिवशी दादाच्या बैठकीत फोटो मांडला होता, टेबलावर, भिंतीला टेकवून. येणारे लोक वाकून फूल वाहत होते. दादा कोपऱ्यातून बघत होता. एकदम म्हणाला, "मंदा, तिचा फोटो फार खाली आहे. सगळ्यांच्या माना वाकून राहिल्यात." मी घरी गेले आणि ओट्याजवळचा पाट घेऊन आले. फोटोखाली ठेवायला लागले तर आमची एक मावशी पुढे झाली, "अगं, पायाखालचा पाट तिच्या फोटोखाली?"

"मावशी, पायाखाली घ्यायलाच दिला होता तिने," दादा म्हणाला.

फोटो वर आला. तेवढ्यात तिवारीजी आले, काठी टेकत, गळ्यात काही नाही. फूल वाहिलं, नमस्कार केला. मग त्यांनी हनुवटी सावकाश आत घेतली, आणि वहिनीकडे सरळ समोर बघत कितीतरी वेळ उभे राहिले.