दारापुढची वाळू

मे महिन्यात जैसलमेरला स्वस्त खोली मिळाली, तेव्हाच मला संशय आला होता. किल्ल्यातल्या गाइडचा इतिहास मला खोटा वाटला, रिसॉर्टच्या माठातलं पाणी शिळं वाटलं. त्यात तिथला म्हातारा राखणदार रोज संध्याकाळी आमच्या दारापुढची वाळू झाडूने सपाट करायचा. वाळवंटात वाळू कोण झाडतं?

"आपल्यावर पाळत असणार," मी बायकोला म्हणालो.

"तुला देवळातला पुजारीसुद्धा चोर वाटतो," ती म्हणाली.

शेवटी मी राखणदारालाच विचारलं. "साप-बिच्छू आया तो सुबह निशान दिखता है, साहब."

मला ते पटलं नाही. जेवण झाल्यावर मी हळूच जाऊन त्याच्या झोपडीत डोकावून आलो. तो घोरत होता.

घरी आपण दाराला भिंग बसवतो, तेही फक्त बाहेरचं दिसणारं.

सकाळी तो वाळूवर वाकून बघत होता. सापाची रेघ नव्हती, विंचवाची नव्हती. एकाच माणसाच्या चपलांचे ठसे आमच्या दारातून त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन परत आले होते. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि बायको बाहेर यायच्या आत ठशांवरून झाडू फिरवला.