पालथा नवरदेव

माझ्या संग्रहातलं पहिलं नाणं सगळ्यांत वाईट आहे. रोमन सम्राटांचे चेहरे जमवणारी माणसं अधूनमधून माझ्याकडे येतात, मखमलीच्या खणांवरून नजर फिरवतात, एकेका नाकाचं कौतुक करतात आणि पहिल्या खणाशी येऊन अडतात. तिथे चांदीचा एक गुळगुळीत तुकडा आहे, तोही पालथा. काहींना राहवत नाही, ते त्याला सुलटा करतात. मी चहाचा कप खाली ठेवते आणि पुन्हा पालथा करते. हे माझे आतोबा, आत्याचे यजमान. असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आमचं गाव लोणी काळभोर. देवघरात खंडोबाचा आणि भवानीचा टाक होता, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला. त्यांच्या शेजारी एक जाडसर, वाटोळा तुकडा होता, त्याला सगळे नवरदेव म्हणत. कुणा पूर्वजाला नांगरताना सापडला म्हणे. त्यावर एका बाजूला तोंड केलेला पुरुष, डोक्याभोवती पानांची माळ आणि माळेची टोकं मानेवर लोंबणारी. आमच्या घराण्यानं त्या मुंडावळ्या ठरवल्या. मुंडावळ्या आहेत म्हणजे नवरदेव, आणि देवघरात आहे म्हणजे मेलेला. लग्नाला निघालेला आमच्यातलाच कुणी वाटेत गेला, अशी गोष्ट त्यातून तयार झाली. घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली हळद त्याला लागायची. ती चुकली तर तो नव्या जोडप्याचं भलं होऊ देणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती.

आत्याला मंगळ होता. अशा मुलीचं लग्न आधी मडक्याशी लावतात, मडकं फोडतात, आणि मग खरा नवरा सुरक्षित राहतो. आमच्याकडे मडक्याची गरज पडली नाही, नवरदेव आयता होता. मुलाकडच्यांच्याच आग्रहावरून आत्याचं लग्न त्याच्याशी लागलं. नंतर तीच मंडळी म्हणाली, एकदा लग्न लागलेली पोरगी आम्हाला नको. मडकं निदान फुटलं असतं. हा फुटला नाही, आणि आत्या त्याची बायको म्हणून भावाच्या घरी राहिली.

तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात हिरवा चुडा होता. नवरा आधीच मेलेला, त्यामुळे पुन्हा मरण्याची भीती नाही. खात्रीनं अखंड सौभाग्यवती अशी पंचक्रोशीत ती एकटीच. कुणाचंही लग्न असो, हळद लावायला पहिलं बोलावणं आत्याला. एरवी ती शेण काढायची, भाकऱ्या थापायची, आमची आजारपणं काढायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. पण हळदीच्या दिवशी पाटलाची बायकोसुद्धा तिच्यासाठी सरकून जागा करायची. तेवढंच तिचं होतं. रोज सकाळी ती नवऱ्याला अंघोळ घालायची, सणावाराला राख आणि चिंच लावून लख्ख घासायची आणि तोंडावर हळदकुंकू थापायची. आम्ही पोरं विचारायचो, आतोबा काही बोलतात का गं? ती म्हणायची, "बोलत न्हाई म्हून तर टिकलाय."

पुढे सोलापूर रस्त्याच्या कडेच्या जमिनींना भाव आला. वडिलांनी थोडी विकली आणि मला कॉम्प्युटर शिकायला पुण्यात ठेवलं. सदाशिव पेठेत एका निवृत्त प्राध्यापकांकडे खोली मिळाली. वडील मला पोचवायला आले, तेव्हा प्राध्यापकांनी वडिलांशी जिन्यातच उभ्या उभ्या बोलणं उरकलं. गाव विचारलं, आणि म्हणाले, "लोणी का? मग तुम्हाला पाणी फार लागत असेल. इथे जपून वापरावं लागेल." वडील हसले. त्यांना तो विनोद वाटला.

प्राध्यापक रोमन नाणी जमवत. फक्त सम्राटांच्या चेहऱ्याची. माणसांकडे बघायचीही त्यांना तीच सवय होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं की माझ्या नाकाला नाण्यावर जागा मिळाली नसती. तरी भिंग हातात द्यायचे आणि शिकवायचे. त्यांचं शिकवणं उत्तम होतं, हे कबूल करायला मला आजही जड जातं. एकदा एका नाण्यावरची ती पानांची माळ आणि मानेवरची टोकं पाहून मी म्हटलं, असाच एक आमच्या देवघरात आहे, फक्त त्याची मान जाड आहे.

"किती जाड?" त्यांनी भिंग खाली ठेवलं.

मी हनुवटीखाली दोन्ही हात धरून दाखवलं. त्यांच्याकडे एकच सम्राट नव्हता, आणि त्याचीच मान जाड. रोम जळत असताना फिडल वाजवत बसला होता असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो. मी बोलले याचं मला वाईट वगैरे वाटत नाही. मी बोलले ते भिंग धरलेल्या माणसासमोर. विकाऊ माणूस आमच्याच घरात होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्याच रविवारी प्राध्यापक लोणीला आले. चपला बाहेर काढल्या, देवघरासमोर मांडी घातली. नवरदेवाच्या तोंडावर कुंकवाचा थर होता, तरी कडेची दोन-तीन अक्षरं आणि मान पाहून त्यांनी ओळखलं. वडिलांना म्हणाले, "अहो, आपल्याकडे फार मोठी वस्तू आहे. आपलं घराणं जाणतं म्हणून टिकली." जिन्यातल्या माणसानं वडिलांना दोन वाक्यांत 'अहो' आणि 'आपण' म्हटलं. वडिलांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की आतोबा गेले.

मग प्राध्यापकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आत्याला ऐकवलं, "बाई, आपण ज्याची पूजा करता तो कोण आहे, ठाऊक आहे का? परदेशातला राजा. त्यानं आईला मारलं, बायकोलाही मारलं."

"बायकूला मारलं?" आत्या म्हणाली. "मंग नवराच की त्यो."

सगळे हसले. प्राध्यापकसुद्धा हसले, आणि नाण्यांच्या प्रदर्शनात या नाण्याखाली वडिलांचं नाव ठळक अक्षरांत लागेल असा शब्द देऊन गेले. एक पैसाही मागितला नाही वडिलांनी. विकलं असतं तर मला समजलं असतं. त्यांनी बहिणीचा नवरा एका 'आपण'वर देऊन टाकला.

माझ्या भावाचं लग्न तोंडावर आलं होतं. वडिलांनी सोनाराकडून चांदीचा नवा टाक करून घेतला, चांगला मिशीवाला, बाशिंग बांधलेला, आणि हळदीच्या आदल्या दिवशी आत्या शेतात गेलेली असताना अदलाबदल करून जुना प्राध्यापकांकडे धाडला. हळदीच्या दिवशी सकाळी आत्या देव धुवायला बसली. तिनं नवा टाक हातात घेतला, बोट फिरवलं आणि पाण्यात न घालता ताटाबाहेर ठेवला.

"ह्यो कोन?"

"नवरदेवच हाय," वडील म्हणाले. "नवा केलाय."

"आन् माजा?"

"त्यो गेला त्याच्या गावाला. रोमला." दारातले पाहुणे हसले, म्हणून वडिलांना आणखी चेव आला. "आगं, राजा व्हता त्यो. मरून दोन हजार वर्सं झाली त्याला. उगं धूत बसलीस."

आत्या उठली. न्हाणीघरात गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, कुंकू पुसून, चुडा फोडून बाहेर आली. मंगळसूत्र तिनं वडिलांसमोर ठेवलं.

"आत्तापातुर त्यो देव व्हता, दादा. तू त्याला मानूस केलास. मानूस मरतो. मला आज कळलं, तवा आजपासनं धा दिस सुतक. लगीन म्होरं ढकला."

मांडव घातलेला, आचारी बसलेले, मुलीकडच्यांच्या गाड्या निघालेल्या. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद क्वचितच झाला आहे. कुठल्याही वकिलाला सुचलं नसतं असं तिनं एका अंघोळीत करून दाखवलं होतं. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुजींना गाठलं. ते पुण्याहून खास मागवलेले, घाईत होते. शास्त्रात काय आहे ते देव जाणे, त्यांनी यजमानाच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं, "मरण फार जुनं आहे. बातमी इतकी उशिरा आली तर सुतक लागत नाही. घरातल्यांनी एकदा स्नान करावं, झालं."

सगळ्यांनी स्नान केलं. अर्ध्या तासात सुतक फिटलं, सनई सुरू झाली. फक्त आत्याचं कुंकू परत आलं नाही. ते तिनं स्वतःच पुसलं होतं ना, मग कोण काय करणार? हळद लावायच्या वेळी ती सवयीनं पुढे झाली, तेव्हा माझ्या काकूनं तिचा हात धरला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "वन्सं, आता तुमी कशात बसता? इधवा का कुवार?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आत्या मागच्या दाराशी जाऊन बसली. नव्या टाकाला पहिली हळद काकूनंच लावली. त्यानंतर गावातल्या कुठल्याही लग्नात आत्याला बोलावणं आलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी वडील कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पुण्यात आले. मी बरोबर होते. सगळी टेबलं पाहून झाली. नवरदेव कुठेच नव्हता, नावही नव्हतं. प्राध्यापक चार लोकांत उभे होते. वडिलांनी विचारलं तेव्हा त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"कुंकू काढलं. खाली काही नाही. राखेनं घासून घासून तुमच्या घरातल्या बाईंनी राजाचं नाक, डोळे, सगळं खाल्लंय. चेहरा नसलेला माणूस मी इथे कुठे लावू?" आणि चौघांकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात पतिसेवा."

'आपण' गेलं होतं, 'तुमच्या' आलं होतं. वडिलांनी पुडी घेतली आणि बाहेर येऊन माझ्या हातात कोंबली. मी म्हटलं, घरी नेऊया, आत्याला देऊया. ते म्हणाले, "आता कुटं ठिवायचा? नव्याची पूजा झाली. दोन दोन नवरं घालू का तिच्या उरावर?"

माझा संग्रह सुरू झाला तो असा, फेकून दिलेल्या आतोबांपासून. नोकरी लागली, सॉफ्टवेअरमध्ये पगार बरे होते, घरात इंटरनेट आलं. मी परदेशातल्या लिलावांत बोली लावायला लागले. पाकिटं यायची, टपाल कचेरीतला माणूस विचारायचा, ही कुठे चालतात का? हळूहळू खण भरत गेले. लबाड डोळ्यांचे, दुहेरी हनुवटीचे, लहानपणीच मारले गेलेले, सगळे आले. दोनदा बनावट माल गळ्यात पडला. दोन्ही ठेवले आहेत, माणसं ओळखायला उपयोगी पडतात. जाड मानेच्या त्या सम्राटाचं अस्सल, नाकासकट नाणं मिळालं, तेव्हा मी ते मुद्दाम सदाशिव पेठेत घेऊन गेले. प्राध्यापक फार म्हातारे झाले होते. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांचा तो खण अजून रिकामा होता. शेवटी म्हणाले, "द्याल का?"

"चेहरा असलेला माणूस तुमच्याकडे कुठे लावणार?" मी म्हटलं आणि नाणं त्यांच्या हातातून काढून पर्समध्ये टाकलं. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले.

आत्या माझ्याकडे राहायला आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. माझ्या भावाच्या बायकोला वेळ नव्हता. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधूक दिसायचं. कपाळ तसंच मोकळं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं आपणहून विचारलं, "कुटं ठिवलायस त्याला?"

मी ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. ती अंगठ्यानं एकेक चेहरा चाचपत गेली. नाकं, हनुवट्या, दाढ्या, सगळ्यांवरून अंगठा न थांबता गेला आणि गुळगुळीत तुकड्यावर थांबला. "ह्यो," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यानं मारलेली ती बायकू हाय का तुज्याकडं?"

होती. इजिप्तमध्ये पाडलेलं, हलक्या चांदीचं नाणं. मी तिच्या हातात दिलं आणि एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, असं समजावलं. आत्यानं ते दोनदा उलटं-सुलटं केलं.

"एकमेकांचं त्वांड बगायला नगं, आसं केलंय की. कशी मारली?"

"पोटुशी होती. लाथ घातली म्हणतात."

तिनं नवरदेवाला उचललं, पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि घासायला लागली. नाणं कधी घासू नये, हे मी कुणालाही सांगते. तिला सांगितलं नाही. घासून उरायचं काय होतं?

"मला त्यानं कदी बोट लावलं न्हाई," आत्या म्हणाली. तिनं तो खणात ठेवला, आणि मग पालथा केला.

"आसाच ऱ्हाऊ दे. तुजा बाप मेला की सुलटा कर."

आत्या गेली, त्याला बरीच वर्षं झाली. वडील ठणठणीत आहेत. रोज सकाळी आमच्या विकलेल्या जमिनीवर झालेल्या सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारतात आणि माझ्याकडे आले की न चुकता विचारतात, हा एकच उलटा का ठेवलाय? मी त्यांना चहा देते.