मेव्हण्याने पुसलेला उजेड

माझ्या मेव्हण्याइतका संतापी माणूस पिरंगुटपासून मुठ्यापर्यंत दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्याशी मेव्हण्याचे भांडण आधीच होऊन गेले असेल. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहतो मुठ्यात, नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात. यंत्रांची कंट्रोल पॅनेल बिघडली की तो ती शिव्या देत दुरुस्त करतो. फोनवर ॲप उघडल्याशिवाय चालत नाही अशा प्रत्येक वस्तूशी त्याचे वैर. सूसला आमच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने ‘ॲपवर एंट्री करा’ म्हटले की हा मोटरसायकल तिथेच आडवी लावायचा. “बहिनीकडं आलोय. त्याला ॲप कशाला लागतंय?” मागे गाड्यांची रांग. मी चौथ्या मजल्यावरून धावत खाली पोचेपर्यंत हा रखवालदाराच्या खुर्चीत बसून त्याच्याच बाटलीतले पाणी पीत असे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असतो, आणि कुणाच्याही घरी चहा येईपर्यंत त्याने एखादी वस्तू उघडलेली असते. एका बारशाला पाळण्यावरचे गाणारे खेळणे अडखळते म्हणून त्याने ते उघडले. बाळाचे नाव ठेवले गेले तेव्हा बायका पाळण्याखाली स्क्रू शोधत होत्या.

मी उलट्या स्वभावाचा. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेले, आवाज चढवायची सवयच नाही. बायको आजारी पडली तेव्हा तिच्या उशाशी एक स्मार्ट दिवा आणून ठेवला. रंग आणि तेज फोनवरून ठरवायचे. तिने पडल्यापडल्या बोट फिरवत चार दिवसांत आपल्याला हवा तसा एक मंद उजेड शोधला आणि दिव्याच्या मेमरीत साठवला. शेवटचे आठ महिने ती त्याच उजेडात राहिली. ती गेल्यावरही मी रोज दिवेलागणीला तो लावत असे.

मग कंपनीचा मेल आला. सेवा बंद करत आहोत, आमच्या प्रवासात साथ दिलीत, आभार. दुसऱ्या दिवसापासून ॲप उघडेना आणि दिवा लावला की ऑपरेशन थिएटरसारखा पांढराफटक. मी त्यांना तीन पत्रे लिहिली, शुद्धलेखन तपासून. एकाचेही उत्तर नाही. कुठल्या तरी शहरात कुणी एक संगणक बंद करतो आणि माझ्या घरातली, माझ्या मालकीची वस्तू परकी होते, हा राग घेऊन मी महिनाभर घरात फिरत होतो. शेवटी मेव्हण्याला सांगितले.

त्याने दिवा उघडला. “दाजी, आक्काचा उजेड अजून हितंच हाय चिपमदी. त्यांचा प्रोग्राम तो भाईर येऊ देत न्हाई. आपला प्रोग्राम लिहू, त्यांचा काडून आपला घालू. आन जगात ज्याचा ज्याचा दिवा असा मेलाय त्याला फुकाट देऊ. इंटरनेटवर सगळा उघडा ठिवू. बसू द्या त्यांना बोंबलत.”

दोन महिन्यांचे सगळे रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर वायरी पसरलेल्या. इंटरनेटवरून परदेशातले लोक त्याला प्रोग्राममधल्या चुका दाखवत, हा त्यांच्यावर मराठीत खेकसे आणि मुकाट्याने दुरुस्ती करी. मग एका रविवारी म्हणाला, “झालं साफ.”

“काय साफ?”

“जुना प्रोग्राम. पार कोरी केली चिप.”

“आणि तिचा उजेड?”

त्याचा हात हवेतच राहिला. कारखान्यात नवा प्रोग्राम घालण्याआधी मेमरी पूर्ण पुसायची, नाहीतर यंत्राला जुनी हालचाल आठवते आणि कुणाची तरी बोटे जातात. वीस वर्षांचा नेम. हाताने तो आपोआप पाळला होता. नक्कल काढून ठेवलेली नव्हती.

मी ओरडलो. “आजाराला आठ महिने लागले. तुला एक बटण पुरलं. चालता हो.”

त्याने उघडा दिवा पिशवीत घातला. स्क्रू गोळा करून गेला. तीन रविवार मी दार बंद करून बसलो आणि त्याला मनातल्या मनात आणखी बोललो.

चौथ्या रविवारी दुपारी रखवालदाराचा फोन. “सर, तुमच्या मेव्हण्यांनी ॲपवर एंट्री केली. तब्येत बरी नाही का त्यांची?”

वर येऊन त्याने नवा प्रोग्राम घातलेला दिवा तिच्या उशाशी लावला. “कसा हुता सांगा. मी करतो.”

“केशरी.”

“कंचा केशरी? बुकं वाचता एवढी, आन एक रंग सांगता यीना?”

येईना. हळद झाली, गूळ झाला, काचेच्या पेल्यातला चहा खिडकीशी धरून झाला. चहाजवळ थांबलो. तेजाचे तर काहीच सुचेना. शेवटी म्हणालो, “मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो. अक्षर लागायचं नाही. तिचा चेहरा मात्र दिसायचा.”

“मग बसा खुर्चीत.” त्याने पडदे ओढले आणि स्वतः पलंगावर तिच्या जागी आडवा झाला. फोनवर बोट सरकवत तो दिवा उतरवत गेला. “लागतंय अक्षर?” “लागतंय.” “आता?” “थोडं.” “आता?”

ओळी पुसट झाल्या. मी मान वर केली. त्याचे नाक थेट तिचे आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. तो माझ्याकडे न बघता छताकडे बघत होता आणि त्याचे डोळे वाहत होते.

“थांब,” मी म्हणालो. “एवढाच.”

तो उजेड त्याने प्रोग्राममध्येच घातला. जगात कुणीही तो प्रोग्राम आपल्या दिव्यात घातला की दिवा पहिल्यांदा तसाच लागतो. गेल्या महिन्यात कुणा परदेशी माणसाने लिहिले, सुरुवातीचा उजेड वाचायला फार कमी आहे, वाढवावा. मेव्हणा फोन घेऊन तरातरा माझ्याकडे आला. “ह्याला विंग्रजीत सांगा, न्हाई वाढवनार.”

“कारण काय लिहू?”

“कारन कशाला? ज्यानं त्यानं आपल्या घरात पायजे तसा करून घ्यावा. उघडाच हाय की प्रोग्राम.”

मी तेवढेच लिहिले. त्या माणसाने आभार मानले आणि आपल्यापुरता वाढवूनही घेतला. पण वाढवण्याआधी, मिनिटभर का होईना, त्याच्या कुठल्याशा गावात, कुणाच्या तरी उशाशी तो तसा लागला असेल.