चांदीसकट केलेलं वजन

मी माझ्या नातीचं वजन खोटं करून दाखवलं होतं.

ते एकाच बाईच्या लक्षात आलं. ती बाई काल गेली.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, सुमनअक्का. एरंडोल तालुक्यातलं आमचं गाव लहान. अक्का ज्याची पायरी चढल्या नाहीत असं एकही घर इथे सापडणार नाही. काल सगळ्यांनी स्टेटसला त्यांचा फोटो ठेवला. माझं फोटोवर भागेना, म्हणून लिहायला बसले. मॅट्रिक झालेली बाई आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

नऊ वर्षांपूर्वीचा वैशाख. माझी नात गौरी तेव्हा तीन महिन्यांची. आपल्याकडचा वैशाख म्हणजे माठातलं पाणीसुद्धा कोमट.

पोरगी सुकत चालली होती. मला दिसत होतं.

सून वैशाली एकदा म्हणाली, "आई, हिचे पाय बारीक झालेत का हो?"

मी तिलाच गप्प केलं. "उन्हाळ्यात सगळीच होतात."

खरी भीती वेगळी होती. मी काटकसरी, हे गावाला माहीत. शेजारच्या जिजाबाई नळावर चारचौघींत बोलून गेल्या होत्या, "यासना घरमा सूनले भाकरबी मोजीसन देतस!"

आणि आता अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. सगळ्या बायका जमणार. वजन कमी भरलं तर जिजाबाईंचं बोलणं खरं ठरणार.

म्हणून मी गौरीला चांदीचे वाळे घातले. हातात कडी. कमरेला करदोडा. वरून जाड दुपटं.

देवापुढे हात जोडले आणि निघाले. देवालाही सामील करून घेतलं, काय सांगू.

दाराच्या चौकटीला झोळीचा काटा टांगलेला. तीन किलो नऊशे. जिजाबाई वाकून वाकून बघत होत्या.

अक्कांनी काट्याकडे पाहिलं. दुपट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वहिनी, पेन चालत नाही. बसा जरा, तुमचं शेवटी लिहिते."

आणि त्याच पेनाने पुढच्या सात बाळांची वजनं लिहिली.

बायका गेल्या. अक्कांनी दार लोटलं.

"आता बठ्ठं काढा, वाळे, कडी, दुपटं. हाई वजन पोरनं शे का चांदीनं?"

त्या हसत होत्या. मला रडू फुटलं.

उघड्या अंगाने वजन भरलं तीन किलो पाचशे. मागच्या महिन्यात तीन किलो सहाशे होतं. महिनाभरात वाढायच्या ऐवजी उतरलं होतं.

"वैशाली पोटभर जेवते?"

"जेवते हो. मुक्ताईशपथ जेवते."

"दूध येतं?"

"येतं. हीच तोंड फिरवते."

"दुधाशिवाय काय देता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तीर्थ देते फक्त."

सकाळी पूजा झाली की तीर्थ. उन्हाळा म्हणून दुपारी परत. संध्याकाळी परत. लेकराचा घसा सुकतो ना.

"चमचाभर?"

"छोटी वाटीभर."

अक्कांनी गौरीच्या पोटावर दोन बोटं ठेवली. "एवढंसं पोट, वहिनी. त्यात पाणीच भरलं तर दूध कुठे मावणार? सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, वैशाखातसुद्धा नाही. दुधातच तिचं पाणी असतं."

मी म्हटलं, "अक्का, नवसाची पोर आहे. तीर्थाला नाही कसं म्हणू?"

दुसरं कोणी असतं तर मला अडाणी ठरवून मोकळं झालं असतं.

अक्का म्हणाल्या, "तीर्थ वैशालीला द्या. तिच्या दुधातून पोरीला पोचेल."

एवढंच.

माझा देवही राहिला, माझी नातही राहिली.

त्याच दिवशी आमच्यासोबत आरोग्य केंद्रात आल्या. डॉक्टरांनी तपासलं, तेच सांगितलं. मग दर आठवड्याला अक्का काटा घेऊन घरी. आषाढात गौरी साडेचार किलोची झाली. बाळसं धरलं तशी दूध पिताना आईचे केस ओढायला लागली.

त्यानंतर अक्कांनी आज्यांची बैठक सुरू केली. आयांना सांगून भागत नाही, घरात चालतं सासूचं, असं त्यांचं म्हणणं. मंदिराच्या मंडपात, दुपारची कामं आटोपली की. वही लिहायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच बैठकीत जिजाबाई उसळल्या. "आम्हना पोरं तं पानी पिसनच मोठा व्हयनात!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आणि जे मोठं झालं नाही, त्याचं नाव काय होतं, माय?"



प्रत्येकीकडे एक नाव होतं. माझ्याकडेही होतं. गौरीच्या बाबांच्या आधीच्या लेकराचं.

त्या दिवशी कोणी भाषण केलं नाही. पण पुढच्या बैठकीला सगळ्या आल्या, आणि गरोदर सुनांना घेऊन आल्या. तपासणीला कोणाची सून एकटी गेली नाही. कोणाला रिक्षा मिळाली नाही तर शेजारचा ट्रॅक्टर निघायचा. वाटी-चमचा घेऊन बाळाजवळ बसणाऱ्या आजीला दुसरी आजीच रागवायची. मोठं काम झालं, आणि गाजावाजा काही नाही.

बैठकीत नवी आजी आली की अक्का एक गोष्ट हमखास सांगायच्या. "एका घरी काय झालं, आजीने पोरीला चांदीने मढवून वजनाला आणलं..."

बायका हसून हसून लोळायच्या. जिजाबाई पदराने डोळे पुसायच्या. मीही त्यांच्याशेजारी बसून हसायचे.

"कोन व ती?" जिजाबाई दर वेळी विचारायच्या.

"व्हती एक. शहानी व्हती, लवकर समजनं तिले."

नऊ वर्षांत अक्कांनी नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जिजाबाई, ती मीच.

अक्का, तुम्ही माझी लाज राखलीत. आता नवी आजी आली की ही गोष्ट मीच सांगेन, आणि नावासकट सांगेन.

मुक्ताई तुम्हाला आपल्याजवळ ठेवो. आमच्या साऱ्या घराचा तुम्हाला नमस्कार.