काकांचं सरपण

आमच्या मावशीच्या यजमानांइतका लाकडावर अविश्वास असणारा माणूस साऱ्या निजामी मुलखात दुसरा नसेल. माणसांवर ते पटकन विश्वास टाकत; लाकडाला मात्र तीन उन्हाळे पारखल्याशिवाय चुलीच्या जवळ फिरकू देत नसत. बिलोलीच्या तहसील कचेरीत ते अहलकार, म्हणजे कारकून, होते. परसातल्या पडवीत बाभळीचे मांडीएवढे जाड ओंडके रचलेले असत आणि प्रत्येकाच्या कापल्या तोंडावर कचेरीतल्याच वळणदार उर्दूत, गेरूने, तोडल्याचा फसली, म्हणजे निजामी सरकारी सनाचा, महिना आणि साल लिहिलेलं असे. पूजा आटोपली की काका एकेक ओंडका बोटाने ठोकून कान लावत. खणखणला तर पास. बद्द वाजला तर "अजून पानी हाय ह्याच्या पोटात," म्हणून त्याची रवानगी पुन्हा उन्हात. मीही एकदा हौसेने ठोकून पाहिलं. मला दोन ओंडके अगदी सारखे वाजले. काकांना माझ्या कानांची खरोखर काळजी वाटली.

हा सगळा खटाटोप मावशीसाठी होता. तिला दमा होता. ओल्या काटकीचा एवढासा धूर झाला तरी तिचा श्वास अडके आणि मग ती भिंतीला टेकून बसूनच राही. फोडलेलं लाकूड भराभर जळतं, सारखं नवं सारावं लागतं आणि दर वेळी थोडा धूर होतोच, हे काकांच्या ध्यानात आलं. म्हणून त्यांनी अख्खा ओंडका मावेल अशी चूल घालून घेतली. चूल घालणारी बाई माप ऐकून म्हणाली, "साहेब, ह्यात सैपाक करायचा हाय का बैल बांधायचा हाय?" पण सकाळी सारलेला ओंडका दुपारपर्यंत नुसता लाल होऊन बसे, आणि मावशी चुलीपुढे बसून गप्पा मारी.

निजामी राजवटीच्या अखेरच्या धामधुमीत बिलोलीतली पुष्कळ घरं सरहद्दीपलीकडे निघाली. आम्हीही एकाच गाडीतून गेलो. काकांनी तांब्याची घागर मागे ठेवली आणि दोन ओंडके गाडीत चढवले. मावशी चिडली. "लोकं सोनं नेऊन राहिले अन् तुम्ही सरपन?" छावणीत पोचलो तर रांगेने चुली, आणि सगळ्यांत ओली लाकडं. मावशीला उबळ आली, ओठ निळे पडले. मी घाईघाईने चूल मांडायला लागले, तर काकांनी मला थांबवलं. वारा कुठून येतो ते पाहिलं आणि दोन्ही ओंडके उचलून, त्या बाजूच्या दोन शेजाऱ्यांच्या चुलींचे दगड सरकवून, आत सारून आले. वर त्यांची ओली लाकडं ओढून बाहेर टाकली.

"आपल्या चुलीत जाळून काय उपेग?" काका म्हणाले. "धूर तर त्यांचा येतो."

स्वयंपाक झाला की विझवायचे, असे ते ओंडके दोन दिवस पुरले. ते दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांच्याच तव्यावर भाकरी भाजली, आणि मावशी आडवी होऊन झोपली.

पुढे दिवस पालटले, आम्ही परतलो, आणि बऱ्याच वर्षांनी मावशी गेली. दम्याने नव्हे, साध्या तापाने. काका हे प्रत्येकाला आवर्जून सांगत. ते खाणावळीत जेवू लागले. घरात चूल पेटेना, पण परसात नवे ओंडके येतच राहिले. एकदा मला राहवलं नाही.

"काका, आता हे कुणासाठी वाळवून राहिलात?"

त्यांनी एक ओंडका ठोकून कान लावला. मग म्हणाले, "कुणाचा दम कधी अडकंल, कसं सांगावं बाई? त्या येळेला वाळत घालून भागत न्हाई."

मला त्या क्षणी मावशीचा हेवा वाटला.