पाच तासांचा उपास

मुंबई ते लंडन हे अंतर विमानाने पाच तासांचं आहे, असं मी आईला ठणकावून सांगितलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस मी, त्यामुळे घरात कुणी शंका काढली नाही. तिकिटावर स्वच्छ छापलं होतं: सकाळी सातला सुटणार, दुपारी बाराला पोचणार. बारातून सात गेले, पाच! (यात भूगोल येतो कुठे?)

लंडनला माझी शेंडेफळ बहीण सुलू बाळंत झाली होती. आईला नात बघायची होती, पण विमानाला ती घाबरायची.

"पाचच तास? मालवणसून मुंबैक जावक अख्खी रात जाता!" असं म्हणत ती एकदाची तयार झाली.

निघायच्या दिवशी शेजारचे बाबलकाका गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवाला साकडं घालायला आले. नारळ हातात धरून त्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक इमानान लंडनाक जाता हा. तिका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

तेवढ्यात आईने पुस्ती जोडली, "इमान उडल्यापासून उतरापर्यंत मी अन्नाक शिवूचंय नाय!"

पाचच तासांचा तर प्रश्न! मलाही चेव आला. "आणि आमची चूल पेटूची नाय!" मी ओरडलो. (चूल म्हणजे गॅस. देवाला कळतं.)

"व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज माझाच होता.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मावसभावाने आईला विमानात चढवल्याचं कळवलं. बायकोने, म्हणजे मंगलने, बांगड्यांना मसाला लावून ठेवला. बारा वाजले. फोन नाही. "सामान घेवक वेळ लागता," मी म्हटलं. एक वाजला. "वारो उलटो आसतलो." दोनला वारा संपला, माझी अक्कलही संपली.

"अवो, इमान खंय रवला?" मंगल रडकुंडीला आली. "सुलूक फोन लावा!"

सुलू फोनवर किंचाळली, "दादा, हंय लंडनाक आता सकाळचे साडेनऊ वाजले हत! इमान बाराक येतला! तुझ्या घड्याळात साडेचार!"

म्हणजे सकाळी सात ते दुपारी साडेचार, साडेनऊ तास! पंच्याहत्तरीची माझी आई ढगांत उपाशी बसली होती, आणि तेही माझ्या वजाबाकीमुळे! मला रडूच फुटलं. तिच्या आधी घास घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. मांजर तेवढं बांगड्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होतं.

पाचनंतर फोन वाजला.

"पोचलंय रे!" आईचा आवाज खणखणीत.

"आई गो, तू उपाशी..."

"उपाशी कित्याक? दोनदा जेवलंय! बाजूक देवगडची बाई होती. तिना सांगल्यान, साडेनऊ तास लागतत. मगे आमी थंयच गाऱ्हाणां घातलां. देवा म्हाराजा, हिशोब माझ्या मास्तर झिलाचो चुकलो हा, तेवा माझो उपास पन तेकाच लागो!"

"आणि?"

"ती बाई म्हणाली, व्हय म्हाराजा! तिना शिकवल्यान म्हणून पलीकडचो गोरो पन म्हणालो! तू जेवलंस मा रे?"

"नाय."

"बघ! देवान आयकल्यान!"

पृथ्वी गोल आहे हे मी तीस वर्षं शिकवलं. पटलं मात्र त्या दिवशी, तेही रिकाम्या पोटी!