सतरा चौकटी

लोखंडी दरवाज्यांची मापं घेण्यात ताईंची वीस वर्षं गेली होती. नव्या दवाखान्यात त्यांनी चाळीस चौकटींच्या जागा वर, मध्ये, खाली अशा तीनदा मोजल्या. एकही जागा दुसरीसारखी निघाली नाही.

"नकाशात सगळ्या सारख्याच आहेत," इंजिनियर म्हणाला.

"भिंतींनी नकाशा बघितलेला नाही, साहेब!"

त्याने नकाशाप्रमाणेच चौकटी मागवल्या. सतरा चौकटी भिंतीत शिरेनात. मग त्याचा फोन आला, "ताई, माप चुकलं का तुमचं?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक तिथे पोचल्या, टेप त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच मोजा. मी लिहून घेते."

तिसऱ्या जागेपाशीच तो ओशाळला. ताईंनी त्याला सतराही मोजायला लावल्या.